विश्लेषण : गेममधील ऐतिहासिक चिलखते कोण तयार करते? युरोपची हुबेहूब, भारताची मात्र अंदाजाने, असे का?

मध्ययुगीन लढायांच्या व्हिडीओ गेममध्ये योद्ध्याच्या अंगावरचे चिलखत अनेकदा गेम बनवणाऱ्या कंपनीचे नसतेच. ते खेळणाऱ्यांपैकीच कुणीतरी रिकाम्या वेळेत, बहुधा एक पैसाही न घेता तयार केलेले असते. गेममध्ये असा बाहेरून बदल करण्याला ‘मॉडिंग’ म्हणतात. हा आता निव्वळ छंद राहिलेला नाही. जुन्या काळातला सैनिक कसा दिसायचा, याचे चित्र आज अनेकांच्या मनात पुस्तकापेक्षा गेममधून तयार होते. मग हे चित्र कशाच्या आधारावर रंगवले जाते?

मॉडिंगला महत्त्व का आले?

तुर्कस्तानातील ‘टेलवर्ल्ड्स’ कंपनीचा ‘माउंट अँड ब्लेड : वॉरबँड’ हा २०१० मधील गेम याचे ठळक उदाहरण. त्यातला कॅलराडिया हा प्रदेश काल्पनिक आहे. पण खेळाडूंनी त्यावर खऱ्या इतिहासाचे थर चढवले. ‘१२५७ एडी’ या मॉडमध्ये तेराव्या शतकातला युरोप उभा राहिला. ‘ब्रायटनवाल्डा’ या मॉडच्या चमूनेच पुढे कंपनीसोबत ‘व्हायकिंग कॉन्क्वेस्ट’ हा अधिकृत विस्तार तयार केला आणि २०१४ मध्ये तो विक्रीला आला. म्हणजे हौशी मंडळींचे काम थेट बाजारात पोहोचले.

चिलखत गेममध्ये कसे येते?

आधी मूळ वस्तूची छायाचित्रे आणि मापे गोळा केली जातात. त्यावरून ‘ब्लेंडर’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय आकार घडवला जातो. कड्यांच्या चिलखतात हजारो कड्या असतात. प्रत्येक कडी स्वतंत्र बनवली तर संगणकाचा वेग मंदावेल. म्हणून पृष्ठभाग साधाच ठेवतात आणि प्रकाश-सावलीची माहिती असलेली प्रतिमा त्यावर चढवून कड्यांचा भास निर्माण करतात. याला ‘नॉर्मल मॅप’ म्हणतात.

त्यानंतर हा आकार पात्राच्या सांगाड्याला जोडावा लागतो, नाहीतर हात उचलताच खांद्याचा पत्रा छातीत घुसलेला दिसतो. शेवटी वजन, किंमत आणि संरक्षणाचे आकडे भरले जातात. इथे इतिहासाचा खरा कस लागतो. लढाईत वापरले जाणारे संपूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोचे असे आणि ते घालून माणूस पळू शकत असे. मॉडरने वजन वाढवून पात्राला कासवगतीने चालवले, तर खेळणाऱ्याच्या डोक्यात चुकीचा समज पक्का होतो.

युरोपची चिलखते इतकी अचूक कशी?

याचे एक उत्तर स्वीडनच्या गॉटलंड बेटावर सापडते. जुलै १३६१ मध्ये डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याच्या सैन्याने विस्बी शहराबाहेर स्थानिक शेतकऱ्यांची फौज कापून काढली. अनेक मृतांना चिलखतासकट सामूहिक खड्ड्यांत पुरण्यात आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे खड्डे उकरले गेले आणि १९३९ मध्ये त्यावरचा सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध झाला. कापडाच्या आत लोखंडी पट्ट्या कशा बसवल्या होत्या, याच्या आकृत्याच त्यात मिळतात. मॉडरला आणखी काय हवे?

त्यात संग्रहालयांनी दारे उघडली. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये सुमारे पावणेचार लाख छायाचित्रे कुणालाही, कशासाठीही वापरण्यास खुली केली. २०२० मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने त्रिमितीय मॉडेलसह २८ लाख प्रतिमा मोकळ्या केल्या.

भारतीय चिलखतांचे काय?

गेममध्ये भारत नाही, असे नाही. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठा सत्ता घेऊन खेळता येते. पण सैनिकाच्या अंगावर काय घालायचे हा प्रश्न आला की आधार तोकडे पडतात. कड्या आणि पत्रे एकत्र गुंफलेले बख्तर, छाती-पाठ-कुशी झाकणाऱ्या चार पत्र्यांचा ‘चारआईना’, जिरेटोप ही नावे ठाऊक असतात. आतून अस्तर कसे होते, पत्र्याची जाडी किती, पट्टे कुठे बांधले जात, हे काचेपलीकडून समोरून काढलेल्या फोटोत कळत नाही.

वस्तू नाहीत असेही नाही. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय येथे जुनी शस्त्रे-चिलखते आहेत. इंग्लंडमधील लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये भारतीय हत्तीचे चिलखत आहे. त्याचे उरलेले ५,८४० पत्रेच ११८ किलो भरतात.

शिवाय मराठा फौजेचा भर वेगावर होता. प्रत्येक स्वार पोलादात मढवलेला नसे. अफझलखान भेटीच्या वर्णनांत तर शिवाजी महाराजांचे चिलखत अंगरख्याखाली असल्याचे सांगितले जाते. जे दिसूच नये म्हणून घातले होते, ते गेममध्ये दाखवायचे कसे? अशा वेळी मॉडर चित्रपट-मालिकांतले चकचकीत पोशाख उचलतो आणि तोच ‘इतिहास’ म्हणून फिरू लागतो.

मॉडेलची मालकी कोणाची?

चारशे वर्षांपूर्वीच्या चिलखतावर कुणाचा कॉपीराइट नाही. त्यावरून बनवलेल्या फाइलचे मात्र तसे नाही. दुसऱ्या गेममधले मॉडेल काढून आपल्या मॉडमध्ये घालणे ही चोरीच मानली जाते. मॉडरही परवानगीशिवाय आपले काम वापरल्यास आक्षेप घेतात. काहीजण मात्र आपले चिलखतांचे संच सर्वांसाठी खुले ठेवतात.

कायद्यात एक गंमतही आहे. टोयोटा गाड्यांच्या हुबेहूब त्रिमितीय मॉडेलवर ‘मेशवर्क्स’ या कंपनीने हक्क सांगितला होता. त्यात स्वतःची नवनिर्मिती नाही, असे म्हणत अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००८ मध्ये तो फेटाळला. तोच न्याय लावला, तर चिलखताची नक्कल जितकी तंतोतंत, तितका मॉडरचा हक्क कमजोर!

पैशाचे गणितही सुटलेले नाही. एप्रिल २०१५ मध्ये ‘स्टीम’वर ‘स्कायरिम’ गेमचे मॉड विकण्याची सोय झाली. मॉडरला २५ टक्के मिळणार होते. खेळाडूंच्या संतापानंतर अवघ्या चार दिवसांत ती बंद झाली.

पुढे काय?

कोणाचा इतिहास पडद्यावर नीट दिसणार, हे बऱ्याच अंशी कोणाच्या नोंदी खुल्या आहेत यावर ठरते. त्यासाठी संग्रहालयांना गेम बनवण्याची गरज नाही. वस्तूची सर्व बाजूंनी छायाचित्रे, लांबी-रुंदी-जाडी, वजन, अस्तराची माहिती आणि वापराची स्पष्ट परवानगी एवढे दिले तरी पुरे. बाकीचे काम करायला हौशी मंडळी तयार आहेत. नोंदी मिळाल्या नाहीत म्हणून ती थांबणार नाहीत, रिकाम्या जागा अंदाजाने भरतील.