खेकड्यांना आरोपी करून भागणार नाही

मृग लागला की आपल्याकडे दोन गोष्टी नेमाने यावयाच्या. एक पाऊस आणि दुसरे पाटबंधारे खात्याचे पत्रक. पावसाचा भरवसा अलीकडे उरलेला नाही. पत्रक मात्र चुकत नाही. धरणांची पाहणी झाली, सर्व काही सुस्थितीत आहे, जनतेने घाबरू नये, असा त्यातील मजकूर वर्षानुवर्षे तोच असतो. पाहणी कोणी केली, कोणत्या दिवशी केली, काय पाहिले आणि काय आढळले, याची वाच्यता त्यात नसते. जनतेने न घाबरण्याचे कर्तव्य पार पाडावे आणि बाकीचे सरकारवर सोपवावे, एवढाच त्याचा अर्थ.

असे सोपवून काय पदरी पडते, ते तिवऱ्याने भोगले आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि खालची भेंदवाडी लोंढ्याबरोबर वाहून गेली. वीसहून अधिक माणसे हकनाक मेली. धरण गळत असल्याची तक्रार ग्रामस्थांनी पूर्वीच केलेली होती. परंतु चौकशीस आरंभ होतो न होतो तोच राज्याच्या जलसंधारण मंत्र्यांनी आरोपी शोधून काढला. धरण म्हणे खेकड्यांनी पोखरले! या निदानावर त्या वेळी सगळा महाराष्ट्र हसला. आम्हांला हसू आले नाही. कारण खेकडा बीळ करतो हे असत्य नव्हे. खेकडे, उंदीर, घुशी, वारुळे, बांधावर माजलेल्या झुडपांची मुळे, ही मातीच्या धरणाची जुनीच दुखणी आहेत आणि त्यांच्यासाठीच देखभाल नावाचे काम असते. खेकड्याला सरकारी पगार मिळत नाही. ज्याला मिळतो त्याने ते बीळ पाहावयाचे आणि बुजवावयाचे असते. मंत्र्यांनी खेकड्यावर ठपका ठेवला तेव्हा आपल्याच खात्याविरुद्ध साक्ष दिली, एवढे त्यांच्या ध्यानात आले नाही.

मातीचे धरण म्हणजे मातीचा ढीग नव्हे. मधोमध चिकण मातीचा दाबून बसविलेला गाभा, दोन्ही अंगांस मुरमाचे कवच, पाण्याच्या बाजूस लाटांचा मार सोसण्यासाठी दगडांचे पिचिंग, गाभ्याच्या पाठीशी वाळूची गाळणी आणि पायथ्याशी निचऱ्याच्या चऱ्या, अशी त्याची रचना असते. प्रत्येक मातीचे धरण थोडेबहुत पाझरतेच. त्यात भिण्याजोगे काही नाही. पाझर नितळ आहे आणि त्याचे मान वाढत नाही तोवर बहुधा चिंता नसते. तो गढूळ झाला की मात्र जाणावे, पाणी आता एकटे येत नसून धरणाची माती बरोबर घेऊन येत आहे. आत कोठेतरी नळीसारखी वाट पडली आहे आणि ती तासातासाने रुंदावणार आहे. हे ओळखण्यास अभियंत्याची पदवी लागत नाही. पायथ्याच्या शेतात गुरे चारणाऱ्या पोरालाही ते दिसते. त्याने ते सांगावे कोणाला आणि ऐकून घेणारा जागेवर असावा की नाही, प्रश्न इतकाच आहे.

मातीच कमकुवत, तिथे कोण काय करणार, असे म्हणणाऱ्यांनी वरंगळकडे जाऊन यावे. पाखाल आणि रामप्पा हे तलाव काकतीयांच्या अमदानीत, तेराव्या शतकात, मातीचे बांध घालून झाले. ते आजही पाणी धरून आहेत. भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांनीही पिढ्यान्‌पिढ्या भातशेती पोसली. जेथे बांधाला आपला म्हणणारा माणूस होता, पावसाळ्यापूर्वी फावडे घेऊन जाणारे गाव होते, तेथे माती टिकली.

उलट जेथे घाई झाली तेथे काय घडले, याचे उत्तर पानशेत आहे. मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवरील हे मातीचे धरण पुरे बांधून होण्यापूर्वीच १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठविण्यात आले. पाणी बाहेर सोडण्याच्या विमोचकाच्या दारांचे काम अपुरे होते. धरणाच्या पोटातून जाणाऱ्या त्या मोरीला लोखंडी सळ्यांचे बळ हवे होते, तेही दिलेले नव्हते. जोराच्या प्रवाहाने मोरी हादरली आणि तिच्यावरचा बांध खचू लागला. ११ जुलैच्या रात्री भर पावसात लष्कराच्या जवानांनी वाळूच्या पोत्यांवर पोती रचून खचत्या बांधाला टेकू दिला. त्यांच्या त्या रात्रीच्या कष्टाने धरण अंधारात फुटले नाही. १२ जुलैच्या सकाळी फुटले. लोंढा खडकवासल्यात शिरला आणि १८७९ साली पुरे झालेले ते दगडी धरणही त्याच दिवशी गेले. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, लकडी पूल बुडाला. वर पाणी पाजणारे खडकवासलेच नाहीसे झाल्याने महापुरात बुडालेले शहर पिण्याच्या पाण्यास मोताद झाले.

या हकिकतीतील एका गोष्टीची चीड आम्हांला अधिक आहे. जवानांनी जिवावर उदार होऊन काही तास मिळवून दिले होते. त्या तासांत शहराला जागे करता आले असते. पुणेकरांना तो इशारा वेळेवर मिळाला नाही. पोती रचणारे आपले काम करून गेले. ज्यांच्या हाती नुसता दवंडी पिटण्याचा अधिकार होता, त्यांना तोही बजावता आला नाही. लोक घाबरतील ही भीती होती म्हणावे, तर घाबरलेला माणूस निदान उंचावर तरी पळतो.

पानशेत पुन्हा बांधले गेले, आणि पुण्याचे नळ व त्याखालची शेती आज त्याच्यावर विसंबून आहे. धरणांचे वैर आम्हांला नाही. दुष्काळी टापूतील शेतकऱ्याला पाटाचे पाणी म्हणजे काय हे आम्हांला कोणी शिकवावयास नको. परंतु ‘या धरणाने सिंचन होईल आणि पूरही आटोक्यात येईल’ असे एका दमात सांगणाऱ्यांची मखलाशी उघडी केली पाहिजे. सिंचनाला धरण भरलेले हवे असते, पुराला ते रिकामे हवे असते. एकाच जलाशयाकडून दोन्ही कामे घेता येतात, नाही असे नाही. मात्र त्यासाठी कोणत्या तारखेस पाणी कोणत्या पातळीवर राखावयाचे याचे कोष्टक असावे लागते आणि ते पाळण्याचे धैर्य असावे लागते. जुलैतच धरण काठोकाठ भरून वर्तमानपत्रांत जलपूजनाची छायाचित्रे झळकली की ऑगस्टच्या पुराला जागा कोठून राहणार? भरलेले धरण पूर अडवीत नाही. आलेले पाणी पुढे ढकलते.

आपल्या भागाने २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच पाहिले. घटप्रभेच्या काठी गोकाक आणि मलप्रभेच्या काठी रामदुर्ग पाण्यात गेले, आणि वरच्या हिडकल व नविलुतीर्थाच्या जलाशयांतून सोडलेल्या पाण्याने नदीकाठची दैना झाली. पाऊस असामान्य होता, हे आम्ही नाकारीत नाही. मलप्रभेचे धरण वर्षानुवर्षे पुरते भरत नव्हते, तेव्हा आलेले पाणी धरून ठेवण्याचा मोह कोणालाही व्हावा, हेही आम्ही समजू शकतो. पण मोहावर धरण चालवावयाचे, तर त्याची किंमत खालच्या गावांनी का द्यावी?

मातीच्या बांधाबाबत हा मोह दुप्पट धोक्याचा ठरतो. दगडी धरणाच्या माथ्यावरून थोडे पाणी गेले तर ते काही काळ तग धरू शकते. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की ते बांध कापीतच खाली उतरते. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मोरवीच्या वर मच्छू नदीवरील दुसरे धरण असेच गेले. मधला दगडी सांडवा ज्या पुरासाठी बांधला होता, त्याच्या तिपटीच्या घरात पाणी आले. ते दोन्ही अंगांच्या मातीच्या बांधांवरून उलटले आणि मोरवी उद्ध्वस्त झाली. आपल्याकडील कित्येक मोठ्या धरणांची घडण हीच आहे. मधे दगडी सांडवा, दोन्हीकडे मातीचे लांबच लांब बांध. सांडव्याचा हिशेब जुन्या पावसावर बेतलेला आहे की आजच्या, हे विचारण्याचा अधिकार खालच्या गावांना नाही काय?

१९६१ नंतर साठ वर्षांनी, २०२१ साली, संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. पंधरा मीटरांहून उंच असलेल्या धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरांमधील काहींना, तो लागू आहे. कायदा अमलात आल्यापासून पाच वर्षांच्या आत अशा प्रत्येक जुन्या धरणासाठी आपत्काळात काय करावयाचे याचा आराखडा तयार झाला पाहिजे, अशी त्यात आज्ञा आहे. चांगले आहे. पण दहा मीटरांखालचे पाझर तलाव आणि गावतळी या कायद्याबाहेर राहिली, आणि वाडी वाहून न्यायला फार मोठे धरण लागत नाही. शिवाय आराखडा कचेरीच्या कपाटात राहणार असेल तर तो खेकड्यांनी खाल्ला काय आणि वाळवीने खाल्ला काय, सारखेच.

नद्यांना सीमा ठाऊक नसतात. घटप्रभा आणि हिरण्यकेशी चंदगड-आंबोलीकडे उगम पावून आपल्या जिल्ह्यात उतरतात. दोडामार्गातील तिलारीचे मुख्य धरण मातीचे, प्रकल्प महाराष्ट्र व गोव्याचा सामाईक. तेथील विसर्गाचे पाणी डिचोलीतील साळ गावाच्या दारात जाते. एका राज्यात दार उघडले की दुसऱ्या राज्यात पाणी चढते. निरोप मात्र दोन राजधान्यांना प्रदक्षिणा घालून गावी पोहोचावा, ही रीत बदलली पाहिजे. आणि तो निरोप ज्या घरात जी भाषा बोलली जाते त्या भाषेत गेला पाहिजे. खानापूर-निपाणीकडे मराठीत, शेजारच्या कानडी गावात कानडीत. पूर येताना दुभाषा बरोबर आणीत नाही.

नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला आमची सूचना आहे की, पुढचा मृग लागण्यापूर्वी तिने आपल्या वरच्या धरणाच्या कचेरीस लेखी विचारावे: शेवटची पाहणी कोणत्या तारखेस झाली व तीत काय आढळले, पायथ्याचा पाझर कोण मोजतो व त्याची वही गावकऱ्यांना पाहावयास मिळेल काय, पाणी सोडावयाचे ठरले तर रात्री दोन वाजता आमच्या गावात कोण कोणाला उठविणार आणि गावाने कोणत्या टेकडीवर जावयाचे. अर्जाची एक प्रत आमच्याकडे धाडावी. कचेरीकडून उत्तर आले तर ते आम्ही याच स्तंभात छापू. नाही आले, तर अर्जाची तारीख तेवढी छापू, आणि दर आठवड्यास छापीत राहू.