फावला वेळ : चौदा वॅगनी, चार प्रकारचे कपलर



मागच्या अंकात रुळांबद्दल लिहिलं होतं. आज कपलर. दोन वॅगनींना जोडणारी ही नखाएवढी वस्तू, आणि तिच्यामुळे गेल्या गणपतीत माझी सगळ्या आळीसमोर फजिती झाली.

बेल्लमपल्लीच्या घरी मी यंदा देखावा म्हणून कोळशाचं सायडिंग केलं होतं. इथे वाढलेल्या मुलाला दुसरं काय सुचणार? काझीपेट-बल्लारशाह मार्ग १९२९ मध्ये पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास थेट जोडले गेले. आमचं लहानपण याच मार्गावरच्या मालगाड्यांचे डबे मोजण्यात गेलं. देखाव्यातली गाडी एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाची. वॅगनी चौदा. आरती झाली, प्रसाद वाटला, मी ऐटीत बटण फिरवलं. छोट्या चढावर गाडी मधोमध तुटली. इंजिन सात वॅगनी घेऊन पुढे गेलं आणि उरलेल्या सात घरंगळत बाप्पाच्या उंदरापाशी येऊन थांबल्या. असं तीनदा झालं.

"मामा, सरळ नवा सेट घे ना," आठवीतला भाचा म्हणाला. बाबा मात्र हसले नाहीत. तीस वर्षं ते रेल्वेत वॅगन तपासणीला होते, पण निवृत्तीनंतर त्या कामाबद्दल चकार शब्द काढत नसत. रात्री सगळे गेल्यावर ते चष्मा पुसून टेबलापाशी ओणवे झाले आणि एवढंच विचारलं, "उंची बघितलीस का?"

नव्हती बघितली. मी फक्त प्रकार बघत बसलो होतो, कारण वॅगनी जशा मिळाल्या तशा जमवलेल्या. युरोपियन वॅगनींना आकडा आणि वरून पडणारी कडी. ब्रिटिश वॅगनी ओओ मापाच्या, म्हणजे छहात्तराव्या भागाच्या. त्यांना रुंद पट्टी आणि आकडा. जुन्या अमेरिकन वॅगनींना प्लास्टिकचं एक शिंग. आणि उरलेल्यांना नकल कपलर. (नकल म्हणजे कॉपी नव्हे, बोटाचा सांधा. दोन हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवा, म्हणजे कळेल.) जिथे जोड जुळत नव्हता तिथे मी तांब्याची तार वळवून भागवलं होतं. गंमत अशी की ती तार टिकली. सुटले ते एकमेकांसाठीच बनवलेले दोन नकल कपलर! एकाची वॅगन खाली बसलेली, दुसरीची उंच. चढाच्या सुरुवातीला एक बोट दुसऱ्यावरून अलगद वर सरकत होतं.

तरी सगळीकडे नकलच लावायचं ठरवलं, कारण आपल्या कोळशाच्या बॉक्सएन वॅगनींना तसाच कपलर असतो. रेल्वेची माणसं त्याला सीबीसी म्हणतात. त्याआधीचा स्क्रू कपलिंगचा जमाना बाबांनी पाहिलाय. माणसाला दोन वॅगनींच्या मध्ये शिरून जड साखळी आकड्यात टाकावी लागे आणि मग स्क्रू आवळावा लागे. आपोआप अडकणाऱ्या नकलचं पेटंट अमेरिकेत एली जॅनीने १८७३ मध्ये घेतलं, आणि स्वयंचलित कपलरची सक्ती करणारा कायदा तिथे १८९३ मध्ये आला. मध्ये वीस वर्षं गेली. मॉडेलमध्ये हाच आकार केडी या कंपनीने रुळवला. कीथ आणि डेल या जुळ्या भावांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलं.

आता मुख्य भांडण. बाबांना आकडे तोंडपाठ: ब्रॉडगेजवर रिकाम्या वॅगनचा कपलर रुळापासून जास्तीत जास्त १,१०५ मिमी आणि भरलेल्या वॅगनचा कमीत कमी १,०३० मिमी. सत्त्याऐंशीने भागलं तर साधारण १२.७ आणि ११.८ मिमी येतात. पण एचओचे कपलर अमेरिकन उंचीवर बेतलेले असतात, जेमतेम १० मिमी. खरेपणा धरला तर बाहेरची एकही वॅगन जोडता येणार नाही. बाबा म्हणाले, "मग ही बेल्लमपल्लीची वॅगन कसली?" मी म्हटलं, रूळ तरी कुठे खरे आहेत? १६.५ मिमीचे घेतलेत, ब्रॉडगेज हवं तर १९.३ लागतील. यावर ते गप्प बसले. पटलं म्हणून बसले असं मला वाटत नाही. पण ठरलं १० मिमी, आणि सगळ्यांना तेच.

जोडकाम तसं सोपं आहे. युरोपियन वॅगनींना बहुधा कपलरसाठी एक प्रमाणित खोबण असते. जुना ओढून काढायचा, त्याच खोबणीत बसणारा नकल घालायचा. तो चार लांब्यांत मिळतो. आखूड घेतला तर वळणावर वॅगनींचे कोपरे घासतात, म्हणून आधी तुमच्या सर्वांत तीव्र वळणावर हाताने ढकलून बघा. खोबण नसेल तर तळाला कपलरची डबी स्क्रूने बसवायची: १.६ मिमीचं भोक, एम२चा टॅप. स्क्रू मी मेलेल्या लॅपटॉपमधून काढले. कपलर खाली येत असेल तर बोगी आणि तळ यांच्यामध्ये पाव मिलिमीटरची चकती घाला. वर जात असेल तर डबीखाली पातळ प्लास्टिकची पट्टी. तेल अजिबात नको, धूळ चिकटते. पेन्सिलच्या शिशाची पूड पुरते. नकलची स्प्रिंग चिमट्यातून उडते. माझी एक आईच्या निवडलेल्या तांदळात सापडली.

उंची मोजायला तयार गेज मिळतो. आम्ही रुळाच्या तुकड्यावर एक कपलर बरोबर उंचीवर पक्का चिकटवला आणि प्रत्येक वॅगन त्याच्यासमोर आणून बघितली. वॅगनी सोडवायच्या असल्या तर अगरबत्तीची काडी दोन नकलांच्या मध्ये घालून जरा फिरवा.

सगळं एकदम बदलायची गरज नाही, खिसाही परवानगी देत नाही. एका वॅगनच्या पुढच्या टोकाला नकल ठेवा, मागच्या टोकाला जुनी कडी. ही मधली वॅगन दोन्ही जातींना जोडते. बाबा हे ऐकून पहिल्यांदा हसले. नकल आला तेव्हा रेल्वेनेही हेच केलं होतं म्हणे. जुन्या वॅगनींशी जोडता यावं म्हणून नव्या कपलरला जुनं कपलिंग अडकवायची सोय असायची. मग कधी नव्हे ते अर्धा तास यार्डातल्या गोष्टी सांगत बसले. भाचा नवा सेट विसरला.

आता चौदापैकी बारा वॅगनी चढ चढतात. दोघींवर बाबांनी खडूने 'सिक' लिहून त्यांना फ्रिजमागच्या रुळाच्या तुकड्यावर उभं केलंय. घरात त्याला सिक लाइन म्हणतात. मी त्यातली एक दुरुस्त करून रविवारी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती गेजला लावली, डोळा बारीक केला, आणि पुन्हा फ्रिजमागे ठेवून दिली.