बोट ठेवायची तर आधी कायमी निधी



नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात नेऊन पाण्याखाली तिचे संग्रहालय करायचे काम सरकारने हाती घेतले आहे. बातमी चांगली आहे. पण ती वाचल्यावर घरात मी एकच विचारले, दहाव्या वर्षीचा खर्च कोणाच्या वहीत? घरचे हसले. बी.कॉम. झालेल्या बाईला दुसरे काय सुचणार, म्हणाले. हसू देत. आपल्या महाराष्ट्राच्या दारात दोन विमानवाहू युद्धनौका उभ्या होत्या आणि दोन्ही भंगारात गेल्या, म्हणून मी हा प्रश्न विचारते.

पहिली 'विक्रांत'. १९५७ साली ती अर्धवट बांधलेल्या अवस्थेत ब्रिटनकडून विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात आली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. पुढे २००१ पासून मुंबईत ती संग्रहालय म्हणून लोकांना बघता येऊ लागली. त्या काळात आम्ही पोशीरहून बघायला गेलो होतो. नेरळहून सकाळची लोकल, डब्यात थेपले आणि सुकी भाजी. निघताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, लढाईची बोट ती. आपण काय बघायचं तिथं?"

प्रश्न रास्त होता. पण आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थालाही वर्ज्य. स्वतःच्या आणि आश्रितांच्या रक्षणासाठी घडते ती विरोधी, आणि गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही. आपण चतुर्मासात पाणी गाळून पितो, सूर्यास्ताआधी जेवतो, हे सगळे निर्धास्त करता येते, कारण आपल्या वतीने कोणीतरी किनाऱ्यावर जागे असते. त्या जागणाऱ्याला भेटायला जाण्यात दोष कसला?

बोटीच्या पोटातल्या हँगरमध्ये सी हॉक आणि अलिझे विमाने मांडली होती. मुले तिकडे धावली. मी एका निवृत्त नौसैनिकापाशी थांबले. साठीचे होते, कोकणातले, इस्त्रीचा पांढरा शर्ट. १९७१ च्या युद्धात ते याच बोटीवर होते. बोटीला चार बॉयलर, त्यांतल्या एकाला युद्धाच्या आधीच तडा गेलेला. तीन बॉयलरवर, कमी वेगाने बोट बंगालच्या उपसागरात उतरली आणि ४ डिसेंबरपासून तिच्यावरच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावच्या धावपट्ट्या आणि बंदरे बंद पाडली. तिला शोधत आलेली पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली, तेव्हा विक्रांत तिकडे अंदमानच्या बाजूला सुरक्षित होती. हे पुस्तकातही मिळते. पण तीन चुलींवर लग्नाचा स्वयंपाक काढणे म्हणजे काय, हे आपल्याला कळते ना, तसे ते मला त्यांच्याकडून कळले.

मग ते 'खुक्री'वर आले. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ ती बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यात त्यांच्याबरोबर प्रशिक्षण घेतलेला एक मित्र होता. त्याच्या आईला पत्र लिहायचे काम यांच्या वाट्याला आले. काय लिहिले ते मी विचारले नाही. बोलता बोलता त्यांचा हात शेजारच्या लोखंडी कठड्यावर गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

ती बोट २०१२ मध्ये धोकादायक झाली म्हणून बंद केली. संग्रहालय परवडत नाही, असे राज्याने उच्च न्यायालयात सांगितले. लिलावात सुमारे ६० कोटी रुपये आले. ऑगस्ट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि नोव्हेंबरात मुंबईतच दारूखान्याला ती तोडायला घेतली. दुसरी 'विराट', ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त. २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निवतीजवळ तिचे संग्रहालय करायला मान्यता दिली, ८५२ कोटींचा प्रकल्प. २०२० मध्ये तीच बोट ३८ कोटी ५४ लाखांना विकली गेली आणि तोडण्यासाठी गुजरातेत अलंगला गेली.

दोन्ही वेळा आपण हळहळलो. मला विचाराल तर हळहळ उशिराची होती. खाऱ्या पाण्यात उभ्या बोटीचा तळ गंजत राहतो. तो नीट करायला तिला सुक्या गोदीत घ्यावे लागते, आणि एकदा करून भागत नाही. भांडवली खर्चाची घोषणा होते, फोटो निघतात. दरवर्षीच्या देखभालीला मात्र वारस नसतो.

आपण देरासर उभारतो तेव्हा काय करतो? पुजाऱ्याचा पगार, केशर-चंदन, रंगकाम यांची सोय आधी लावतो. कायमी निधी ठेवतो, त्याच्या व्याजावर वर्ष चालते. एकेक घर एकेक तिथी घेते. जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या बांधकामापेक्षा मोठे मानतो. ज्यांनी हे ठरवले त्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता. प्रतिष्ठेच्या दिवशी गर्दी असते, बाराव्या वर्षी गळणाऱ्या छतापाशी कोणी नसते.

अशी सोय लावता येते. 'कुरसुरा' पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली. विशाखापट्टणमकरांनी तिला पाण्यातून काढून किनाऱ्यावर बसवले आणि २००२ मध्ये संग्रहालय सुरू केले. तिथे माहिती द्यायला निवृत्त नौसैनिकच असतात. अमेरिकेत सॅन डिएगोला 'मिडवे' ही विमानवाहू नौका २००४ पासून एक ना-नफा संस्था चालवते. स्वयंसेवकांत नौदलातून निवृत्त झालेले पुष्कळ आहेत.

गावच्या दवाखान्यात डॉक्टर नसताना बोटीवर पैसा कशाला, असे म्हणणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. सोडून देणे आपल्या धर्मात कमीपणाचे नाही. पण सोडायचे तर पहिल्या दिवशी तसे सांगावे. जिथे आयुष्य घालवले ती बोट राहणार, अशी आशा म्हाताऱ्या माणसाला लावून मग लिलाव करू नये. 'गुलदार'ला रंग लावावा लागणार नाही, पण पाणबुडे, सुरक्षा, माहिती सांगणारी माणसे यांचा खर्च दरवर्षी येणारच. तो निधी आजच वेगळा ठेवा, आणि ती माणसे निवृत्त नौसैनिकांतून घ्या.

सरकारची वाट न बघता आपल्याला करता येण्यासारखेही आहे. आपल्या कर्जत तालुक्याला ते नवीन नाही. माथेरानचे भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी लोक सिद्धगडाला जातात, म्हणून ती नावे आजही मुलांना माहीत आहेत.

१९७१ मध्ये वीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीला आला आहे. तुमच्या गावात, नात्यात सैन्यातून निवृत्त झालेले कोणी असतील तर येत्या ४ डिसेंबरला, नौदल दिनी, त्यांना शाळेत बोलवा. हार-नारळ नसले तरी चालेल. मोबाइल समोर ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि त्यांना बोलू द्या.