कमाल मर्यादा कुळवाड्याला, हिरवळ धनिकाला

१९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यात १९७५ मध्ये दुरुस्ती होऊन पाच जणांच्या शेतकरी कुटुंबाला कोरडवाहू जमिनीची ५४ एकरांची, तर बारमाही बागायतीची १८ एकरांची मर्यादा लागू झाली. कोल्हापूरच्या ऊसकऱ्याला ती पाठ आहे. पण सेनापती बापटांनी १९२१ मध्ये ज्या मुळशीत जमिनीसाठी सत्याग्रह केला, त्याच तालुक्यात सहारा समूहाची अँबी व्हॅली ही बंदिस्त वसाहत सुमारे १०,००० एकरांवर पसरली. तिचे भूषण म्हणजे स्पर्धांच्या दर्जाचे १८ होलांचे गोल्फ मैदान! अशा मैदानाला शंभर-सव्वाशे एकर लागतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यातील सरासरी शेतजमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर आहे. तीस-पस्तीस कुटुंबांच्या वाट्याची ही भूमी मूठभरांच्या चेंडूफळीसाठी राखली जाते.

माळरानावर रोजगार आला, असे समर्थक सांगतात. पहारेकरी आणि माळी यांची पदे निर्माण झाली, हे खरे. परंतु अशा मैदानाचे अर्थशास्त्र वेगळेच असते. मैदान तोट्यात चालले तरी मालकाला चिंता नसते. नफा भोवतालच्या बंगल्यांच्या चढ्या किमतीत असतो. ही वाढ मालकाच्या श्रमातून होत नाही. सार्वजनिक रस्ते आणि खाजगी गिरिस्थानांना वाट मोकळी करून देणारी १९९६ ची सरकारी नियमावली यांतून ती येते. समाजाने निर्माण केलेले मूल्य खाजगी तिजोरीत जाते, हाच खरा आक्षेप आहे.

या वैभवाची दुसरी बाजूही पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे सुमारे २४,००० कोटी रुपये व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. ते पुरते वसूल होईनात म्हणून २०१७ मध्ये अँबी व्हॅलीच्या लिलावाचा हुकूम झाला. राखीव किंमत सुमारे ३७,००० कोटी. खरेदीदार मिळाला नाही. कागदावरच्या श्रीमंतीची याहून वेगळी परीक्षा कोणती?

शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधले, तेथे हजारो सामान्य माणसे बसून कुस्ती पाहतात. मैदानाला आमचा विरोध नाही, कुंपणाला आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी दोन मागण्या लावून धराव्यात : अशा वसाहतींच्या जमिनीच्या अनर्जित मूल्यवाढीवर दरवर्षी कर बसवावा, आणि ग्रामसभेच्या संमतीवाचून एक एकरही त्यांना देऊ नये. कायदा कुळवाड्याची जमीन मोजतो. धनिकाची हिरवळही त्याच साखळीने मोजली गेली पाहिजे.