आधी देवनागरीत लिहून घ्या

स्पॅनिशमध्ये 'तोकार' म्हणजे हात लावणे आणि 'नो तोकेस' म्हणजे हात लावू नको. देवनागरीत यात अडखळण्यासारखे काही नाही. आर-अंती क्रियापदाला नकारार्थी आज्ञेत 'ए' लागला, क तो कच राहिला. रोमनमध्ये मात्र सी जाऊन तिथे क्यू-यू येतात आणि आपण फळ्यावर 'अपवाद' लिहून मोकळे होतो. तो शब्द इथून पुसावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ईपुढे सीचा क टिकत नाही, त्याचा स होतो. क वाचवायचा तर अक्षर बदलणे भागच आहे. 'पागार' (पैसे देणे) याच्या 'नो पागेस'मध्ये जीनंतर मुका यू घालतात तो गचा ख होऊ नये म्हणून. 'रेकोखेर' (गोळा करणे) याच्या 'नो रेकोखास'मध्ये जी जाऊन जे येतो, कारण तिथे खच हवा असतो. आपल्या मराठीचा खाक्या नेमका उलटा. 'माझा' आणि 'माझी' यांत झ तोच, उच्चार वेगळे. आणि त्याबद्दल आपण कुणाला अपवाद घोकायला लावत नाही.

वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात स्पॅनिशही शिकवली जाते. अशा वर्गात हिंदी आणि मराठी भाषक शेजारी बसतात. हिंदीत 'करो'आधी 'मत' लावले की भागते, म्हणून 'तोका' (हात लाव) याआधी नुसता 'नो' लावण्याचा मोह स्वाभाविक आहे. मराठीत 'कर'चे 'करू नको' होते, क्रियापदाचे रूपच बदलते. (वऱ्हाडीतले 'करू नोको' तर स्पॅनिश पाहुण्याला अर्धे आपोआप कळावे!) नको-नका हा भेदही तयार आहे: 'नो तोकेस' मित्राला, 'नो तोके' वडीलधाऱ्यांना.

म्हणून आधी देवनागरीत लिहून घ्या. 'खुगार' (खेळणे) याचे 'नो खुएगेस' होते. उचे उए झालेले देवनागरीत दिसते, ते खरोखर पाठ करायचे. जीनंतरचा यू दिसत नाही, तो केवळ रोमन लेखनाचा हिशेब.

गुणही याच रेषेवर वेगळे करावेत. 'नो तोकास' लिहिणाऱ्याला नकारार्थी रूपच कळलेले नाही. क्यू-यूऐवजी सी ठेवणाऱ्याला रूप कळले आहे, त्याचे अर्धे गुण कापू नयेत. त्याचेच लेखन त्याला मोठ्याने वाचायला सांगावे. 'तोसेस' असा उच्चार कानावर पडला की तो स्वतःच खोडरबर मागेल.