शब्दकोशाचे सोवळे कोणासाठी?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयाने पालीलाही हा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टी आनंदाच्याच आहेत. परंतु मराठी अभिजात ठरली म्हटल्यावर तिच्या शुद्धतेची काळजी वाहणाऱ्या मंडळींना नवे बळ आले आहे. नाक्यावरच्या पोरांनी भाषेचा सत्यानाश केला. राडा, झोल, लोचा, कल्टी असले टपोरी शब्द उद्या शब्दकोशात घालणार काय, असा त्यांचा सवाल असतो. आमचे उत्तर सरळ आहे. होय, घातलेच पाहिजेत. आणि का घातले पाहिजेत, हे चळवळीच्या वाचकाने नीट समजून घेतले पाहिजे, कारण या प्रश्नाचा संबंध आपल्या अब्रूशी आणि कोर्टातल्या आपल्या खटल्यांशी आहे.

शब्दकोशात शब्द आला म्हणजे त्याच्या गळ्यात हार पडला, असे अनेकांना वाटते. हा गैरसमज आहे. शब्दकोश ही शब्दांची जनगणना असते. जनगणनेला आलेला कर्मचारी घरातली माणसे मोजतो, त्यांच्या चारित्र्याचा दाखला मागत नाही. जो शब्द लोकांच्या तोंडी आहे, त्याची नोंद व्हावी, इतकेच.

मग आजवर ही मोजणी कोणी केली? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ साली. साहेबाच्या दिमतीला शास्त्रीपंडित होते. पुढे दाते आणि कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात काढले. या लोकांचे कष्ट मोठे आहेत, ते नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण या कोशांची पाने चाळा. खेड्यातल्या, कष्टकऱ्यांच्या शब्दांपुढे कंसात शेरे दिसतात : ग्राम्य, अशिष्ट, कुणबाऊ. बायकांच्या बोलण्याला बायकी. पुण्याच्या वाड्यातल्या बोलीला असा शेरा लागत नाही, ती प्रमाण! ज्याच्या हाती लेखणी, त्याची बोली भाषा ठरली आणि उरलेल्यांच्या भाषेला शेरा चिकटला. जातिव्यवस्थेची शिडी माणसांपुरती थांबली नाही, ती शब्दांपर्यंत पोहोचली.

आता टपोरी म्हणून हिणवलेला एकच शब्द घेऊ. 'नडणे'. जुन्या मराठीत गरज नडते, म्हणजे आडवी येते. अडलानडला म्हणजे लाचार, ज्याचे दुसऱ्यावाचून चालत नाही असा गरीब. आज वस्तीतले पोर काय म्हणते? "तो साहेबाला नडला." म्हणजे साहेबापुढे मान न झुकवता उभा राहिला, त्याला जाब विचारला. काल जो अडलानडला होता, तोच आज नडतो आहे! एका क्रियापदात एवढे सामाजिक परिवर्तन घडले आहे. हा नवा अर्थ कोशात नोंदवायचा नाही, तर मग नोंदवायचे काय?

या बोलीचे सामर्थ्य प्रस्थापितांना ठाऊक नाही असेही नाही. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, तेव्हा त्यातल्या कित्येक शब्दांपुढे पांढरपेशा वाचक अडखळला. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही ते जग ढसाळांकडून समजून घ्यावे लागले. मुंबईच्या पोटातच हे शब्द रोज बोलले जात होते. जी माणसे दिसत नव्हती, त्यांचे शब्द कोशात कसे दिसणार?

आता कोर्टाकडे वळू. ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या स्वर्णसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. 'चमार' हा शब्द म्हणजे फक्त जातीचे नाव की अपमान, असा प्रश्न होता. न्यायालय म्हणाले, या शब्दाची व्युत्पत्ती काय ते पाहू नका, लोकव्यवहारात त्याला आज कोणता अर्थ आला आहे ते पाहा; नुसत्या व्युत्पत्तीवर गेलो तर कायद्याचा हेतूच विफल होईल. म्हणजे शब्दाचा अर्थ वापरणारा ठरवतो, पोथी नव्हे. पुढे २०२० साली हितेश वर्मा प्रकरणात याच न्यायालयाने स्पष्ट केले की, फिर्यादी अनुसूचित जातीचा आहे एवढ्याने भागत नाही; अपमान त्याच्या जातीमुळे केला हे दिसले पाहिजे.

इथेच आपली खरी अडचण सुरू होते. आजचा जातीयवादी पूर्वीसारखा जातीचे नाव घेऊन शिवी देईलच असे नाही. तो शिकलेला आहे. तो कॉलेजात 'कोटावाला' म्हणतो, कार्यालयात 'सरकारी जावई' म्हणतो, मोबाइलवर 'भीमटा' लिहितो. यातले एकही जातीच्या यादीतले नाव नाही. उद्या आरोपीचा वकील उभा राहील आणि म्हणेल, "महाराज, हा शब्द कोणत्याही कोशात नाही. त्याचा अर्थ जातिवाचक आहे, हे फिर्यादीच्या मनाचे खेळ आहेत." काय उत्तर देणार? अशा वेळी कोशातली एक ओळ हाताशी असेल, 'अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, बौद्धास हिणवण्यासाठी वापरला जाणारा अपमानकारक शब्द', तर खटला तेवढ्यावर जिंकता येणार नाही, पण बाजू निश्चित भक्कम होईल.

काही बांधव विचारतात, असल्या शिव्या कोशात घातल्या तर त्यांना प्रतिष्ठा नाही का मिळणार? त्यांची भावना आम्ही समजू शकतो. पण विषाच्या बाटलीवर 'विष' असे लिहावेच लागते. चिठ्ठी काढून टाकल्याने विष कमी होत नाही, फक्त ते देणारा सुटतो. म्हणून शेरे हवेतच, पण ते खरे हवेत. 'राडा'पुढे अशिष्ट आणि 'सरकारी जावई'पुढे फक्त विनोदी, असा कोश आम्हाला नको. हा शब्द कोण वापरतो, कोणासाठी वापरतो, कोणत्या हेतूने वापरतो, हे लिहा.

प्रत्येक शब्द घ्यावा असेही आमचे म्हणणे नाही. एका वसतिगृहात जन्मून सहा महिन्यांत विरणाऱ्या शब्दासाठी जागा अडवू नये. जो काही वर्षे टिकला, एकाहून अधिक गावांत बोलला जातो, छापील मजकुरात, गाण्यात, सिनेमात किंवा कोर्टाच्या कागदात आला, तो घ्यावा. कसोटी वापराची असावी, वापरणाऱ्याच्या जातीची नसावी.

हे काम दुसरे कोणी करून देईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. ज्यांच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली, त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीचा स्वतंत्र ऑक्सफर्ड कोश करण्याचे काम २०२२ साली जाहीर झाले. त्याचे मुख्य संपादक हेन्री लुई गेट्स हे स्वतः कृष्णवर्णीय विद्वान आहेत. आपल्याकडेही परंपरा कमी नाही. दोन ब्राह्मण कुळातले भिक्खू बुद्धवचन छंदात बांधू म्हणाले, तेव्हा तथागतांनी त्यांना नकार दिला आणि आपापल्या भाषेत शिकण्यास सांगितले, अशी नोंद विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आहे. बाबासाहेबांनी राज्यघटनेसारखी कामे सांभाळून पालीचा शब्दकोश तयार केला. तो त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध झाला. शब्दकोश हे चळवळीचे काम आहे, हे त्यांनी करून दाखवले.

म्हणून दोन कामे ताबडतोब करण्यासारखी आहेत. पहिले, विहार, वसतिगृह, वाचनालय जिथे जिथे आपली मुले जमतात, तिथे एक वही ठेवा. शब्द, अर्थ, कुठे ऐकला, कोणत्या साली, कोणी कोणाला म्हटला, एवढी नोंद करा. आपल्या वस्तीचे जिवंत शब्दही लिहा आणि आपल्याला मारलेले शब्दही लिहा. दुसरे, पोलीस ठाण्यात फिर्याद देताना 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढ्या मोघम वाक्यावर सही करू नका. आरोपीच्या तोंडून निघालेले शब्द जसेच्या तसे, कितीही घाणेरडे असले तरी, लिहून घेण्याचा आग्रह धरा. ते उच्चारायची लाज आरोपीला वाटली नाही, तर नोंदवायची लाज आपण का बाळगावी?

जयभीम!