स्टे आला, साल थांबलं का?

आमच्या भागात कुणी कोर्टातून ‘स्टे’ आणला की गल्लीत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतात. मराठीत स्थगिती म्हणा, कन्नडमध्ये तडेयाज्ञे म्हणा, घरात अर्थ एकच घेतला जातो : सुटलो! पैशाच्या डिक्रीत मात्र इतकं सोपं नसतं.

नुसतं अपील केलं म्हणून वसुली थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि त्यासाठी वादातली रक्कम कोर्टात भरा किंवा तेवढा जामीन द्या, असं दिवाणी कायदा सांगतो. ‘बारा वर्षं ढकलली की डिक्री मेली’ हे पारावरचं ज्ञानही अर्धंच. मुदत बारा वर्षांची खरी, पण स्थगितीत गेलेला काळ त्यातून वजा होतो. डिक्रीत व्याज लावलेलं असेल तर तेही चालूच.

अडकलेल्या पैशाचं काय होतं, हे आपल्याच जुन्या संस्थानाच्या एका खटल्यात दिसतं. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान शरण आलं. बिदर-गुलबर्गा तेव्हा त्यातच. तीन दिवसांनी, 20 तारखेला, हैदराबाद सरकारच्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतल्या खात्यातून 10 लाख 7 हजार 940 पौंड आणि 9 शिलिंग (शिलिंगसुद्धा सोडले नाहीत!) पाकिस्तानचे तिथले हायकमिशनर रहिमतुला यांच्या नावावर गेले. आठवड्यात निजामाने कळवलं, हे माझ्या संमतीविना झालं, पैसे परत द्या. बँक म्हणाली, रहिमतुलांच्या होकाराशिवाय नाही. 1954 मध्ये निजामाने दावा लावला. 1957 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, पाकिस्तान सार्वभौम देश, त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला इथे खेचता येत नाही. दावा तिथेच थांबला. ना हार, ना जीत. निजाम 1967 मध्ये वारले. 2013 मध्ये पाकिस्तानने स्वतःच दावा लावला आणि ती ढाल गेली. 2 ऑक्टोबर 2019 ला न्यायाधीश मार्कस स्मिथ यांनी भारत सरकार आणि निजामाचे दोन नातू यांच्या बाजूने निकाल दिला. दहा लाख पौंडांचे तोवर साडेतीन कोटी झाले होते.

कन्नडमध्ये ‘साल’ म्हणजे कर्ज, मराठीत वर्ष. नातवांचं बरं झालं, ते घेणेकरी होते. आपल्यापैकी बहुतेक जण देणेकरी असतात, आणि तिथे एका सालाबरोबर दुसरंही वाढतं. वडील गेले म्हणून डिक्री जात नाही. वारसांच्या हाती जेवढी मिळकत आली तेवढ्यापुरती ती त्यांच्यामागे येते. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला, तसा त्या मिळकतीवरच्या देण्याचा भारही. तरी कित्येक घरांत स्टेचा कागद वडिलांच्या ट्रंकेत असतो आणि मुलांना कळतं ते वाटणीच्या दिवशी.

स्टे आणलात, छान. आता रक्कम किती भरली, व्याज किती टक्के आणि पुढची तारीख कोणती, एवढं आज रात्री जेवताना घरात सांगून टाका. मराठीत सांगा, नाहीतर कन्नडमध्ये.